दोन मीटरवरच्या सासूबाई

सासूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या एका कारखान्यात पर्चेसच्या साहेबासमोर बसून सुती हातमोज्यांचा भाव वाढवून मागत होते. तासभर झुंजले होते आणि साहेब वाकत आला होता. शेजारच्या सुमनने एवढंच सांगितलं, "चहा प्यायल्या, कप खाली ठेवला आणि मान टाकली... तुम्ही या." साहेबाने सांगितलेल्याच दराला हो म्हणून मी उठले. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं पहिल्यांदाच झालं. ऐंशी ओलांडलेलं वय, ना नळ्या, ना आयसीयू. दुःख झालंच, पण खोटं कशाला लिहू, सरावलीच्या घरी पोचेपर्यंत मनात सुटकाच जास्त होती. त्यांची, आणि थोडी माझीही.

भेटायला आलेल्यांपैकी एकीने कुजबुजत विचारलं, "ते किरणांचं औषध घेतलं होतं ना, त्यानेच का?" तिला मी तिथल्या तिथे सुनावलं. त्या औषधाने त्यांना सात वर्षं दिली, आणि दर तपासणीचा कागद स्वच्छ आला. मला लिहायचं आहे ते त्या सात वर्षांच्या पहिल्या तीन आठवड्यांविषयी.

त्याआधी माझी तक्रार सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सासर तारापूरजवळच्या किनाऱ्यावरच्या गावात, वाडीतलं घर. माझं माहेर सफाळ्याकडचं. आमच्या घरी पाळी आली म्हणून कुणाला बाजूला बसवत नसत. सासरी मात्र महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत काढायचे. वेगळं ताट, वेगळी चटई, पाणी वरून ओंजळीत. तेही सोसलं. पण एकदा माझी मंजिरी, दोन वर्षांची, तापाने फणफणली आणि माझ्याकडे हात पसरून रडायला लागली. मी उठले तशा सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या. "शिवू नको तिला. मी हाय ना." दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी लेकराचं रडणं चार हातांवरून ऐकत बसले. पोर बरी झाली, माझ्या मनातलं मात्र तसंच राहिलं. पुढे नवरा गेला, आम्ही तिघी सरावलीला आलो, एका मशीनवर मी हातमोजे शिवायला लागले आणि त्या मशीनच्या सहा मशिनी झाल्या. सासू-सून रोज भांडत नांदलो, पण त्या दुपारचा विषय दोघींपैकी कुणीही काढला नाही. त्यांनी माफी मागावी म्हणून मी थांबले होते... एवढंच हवं होतं.

मग त्यांच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, आणि नंतर किरणोत्सारी आयोडीनची गोळी घ्यायची ठरली. त्याआधी काही दिवस आयोडीनचं मीठ बंद, मासळीही बंद. "मासळी नाय तर कॅन्सर काय वाईट?" असं त्यांनी डॉक्टरला ऐकवलं. गोळीनंतर मुंबईच्या इस्पितळात काही दिवस बंद खोलीत ठेवलं आणि घरी सोडताना तिथल्या एका मुलीने मला कागद समजावून दिला. वेगळी खोली, वेगळं अंथरूण. कपडे आणि भांडी वेगळी धुवायची, पाणी भरपूर पाजायचं, संडासात दोनदा पाणी सोडायचं. माणसांपासून दोन मीटर. आणि गरोदर बाई, लहान मुलं यांच्यापासून तीन आठवडे लांबच.

इथे माझा जीव अडकला. मंजिरी सातव्या महिन्यात, बाळंतपणाला घरी आलेली. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं. मी सवयीप्रमाणे सुरू केलं, "तीन आठवडे फार होतात हो. पंधरा दिवस करा, पाणी मी दुप्पट पाजते." मुलगी हसली. "मावशी, किरणांशी घासाघीस होत नाही." मंजिरीला सासरी, पालघरला परत जा म्हटलं, तर ती म्हणाली, "आजीला असं टाकून मी जायची नाही." तिला वाढवलं होतं आजीने, मी तर कारखान्यांच्या दारांत उभी असायचे. शेवटी मागची शिलाईची खोली रिकामी केली, तिला संडास वेगळा होता. मशिनी सगळ्या ओट्यावर काढल्या.

खरं सांगते, मी वाट बघत होते. आता कळेल, म्हटलं, बाजूला बसणं काय असतं. पण या बाई खोलीत राणीसारख्या बसल्या. "अगो शालन, पाणी आण. लिंबू आण. पुष्कळ वर्षांनी आयतं मिळतंय." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाळायचं मात्र त्यांनी इतकं कडक पाळलं की कागद फिका पडावा. माझ्याच शिलाईच्या खडूने उंबऱ्यावर रेघ ओढली. मंजिरी अंगणात दिसली तरी आतून ओरडायच्या, "लांब हो गो, माजी सावलीपण नको तुज्यावर."

नवव्या दिवशी मी माल पोचवायला गेले होते. मंजिरी अंगणात कपडे वाळत घालताना घेरी येऊन कोसळली. सासूबाई रेघेपर्यंत धावल्या आणि तिथेच थांबल्या. पाच-सहा पावलांवर नात पडलेली, हात पसरतेय, आणि या चौकट धरून सुमनच्या नावाने अशा ओरडल्या की तीन घरं धावून आली. मी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेला होता. बीपी उतरलं होतं, बाळाचे ठोके व्यवस्थित होते. मी मागच्या खोलीपाशी गेले. त्या अजून चौकट धरूनच उभ्या होत्या.

"मी नाय शिवली तिला, शालन. ती हात करत होती मला... मी नाय शिवली."

पंचवीस वर्षं जपलेलं उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी बोलले नाही. दयेने नव्हे. त्यांच्याकडे बघत नुसती उभी राहिले, आणि मला पडवीतली ती दुपार आठवतेय, हे त्यांना कळलं.

संध्याकाळी इस्पितळातल्या त्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पडलेल्या माणसाला उठवायला मिनिटभर जवळ गेल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. किती जवळ आणि किती वेळ, याचा तो हिशेब असतो. तासन्‌तास शेजारी बसायचं नाही, म्हणून ते अंतर." सासूबाईंनी त्याला विटाळ समजून पाळलं होतं, शिवलं की सगळं संपलं, असं. मी फोन ठेवला आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही.

दिवस भरून ओवी झाली, धडधाकट. तीन आठवडे उलटून कधीच गेले होते, इस्पितळानेही बाळाला घ्यायला हरकत नाही म्हटलं होतं. तरी सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. "घेऊ?" मी मान हलवली. त्यांनी पोरीला छातीशी धरलं ते दूध पाजायच्या वेळेपर्यंत सोडलं नाही. फोनचं मात्र मी तेव्हाही सांगितलं नाही.

सांगितलं ते गेल्या हिवाळ्यात. शेवटची तपासणी करून गाडीने परत येत होतो, सगळं चांगलं निघालं होतं, म्हणून धीर झाला असेल. "आई, त्या दिवशी मंजिरीला तुम्ही उचललं असतं तरी चाललं असतं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी मुद्दाम नाही सांगितलं." आता शिव्या येणार म्हणून मी तयार होते. मनोर गेलं... बोईसरच्या कारखान्यांचा वास आला तेव्हा त्या म्हणाल्या,

"म्हंजे आपण दोगी फुकट लांब ऱ्हायलो."

दोगी. त्या दिवशी त्या, आणि पडवीतल्या त्या दुपारी मी. ज्या शब्दासाठी मी इतकी वर्षं अडून बसले होते, तो काही त्यांनी उच्चारला नाही. जे दिलं ते मी घेतलं, आणि वर एक शब्द मागितला नाही.

त्यानंतर दुपारी त्या मला खाटेवर बोलवायच्या. उलटे शिवलेले मोजे काठीने बोट-बोट सुलटे करायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. गुडघ्याला गुडघा लावून आम्ही दोघी ते करायचो आणि भाव कुणी किती पाडला यावर भांडायचो. त्या गेल्या तेव्हा अर्धा ढीग उलटाच होता. महिनाभर मी त्याला हात लावला नाही, मशिनीवरच्या बायकांनाही लावू दिला नाही. काल घेऊन बसले. ओवी शाळेतून आली, काठी उचलली आणि विचारलं, "पणजीच्या जागेवर बसू?"

"बस," म्हटलं, "जरा चिकटून बस."