पडद्यामागचा लिलाववाला

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या ज्या शेतकरी गावात मी केमिस्टचं दुकान चालवलं, त्याला स्वतःच्या इतिहासाचं भारी वेड. दर उन्हाळ्यात चर्चमागच्या हिरवळीवर गावकरी गावाच्या इतिहासाचं नाटक करायचे आणि त्यात माझी भूमिका ठरलेली: मसाल्याचा व्यापारी. असा कुणी गावात कधी आला होता का, हे कमिटीने तपासलं नव्हतं. पगडी मात्र तयार होती. मीही तो असा रंगवायचो की लोक खुर्चीवरून घसरायचे. हौस हो, दुसरं काय!

मला व्हायचं होतं लिलाववाला. दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी गुरांच्या बाजारात जाऊन उभा राहायचो. लिलाववाल्याची एका श्वासात धावणारी बोली, मधूनच मारलेली कोपरखळी, काठीचा ठोका, सगळं मला पाठ. बाथरूमचं दार बडवत बायको ओरडायची, "अहो, आणखी किती गाई विकणार? गरम पाणी संपलं!"

मग दोन हजार एक साली गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. आमचा बाजार बंद झाला, तो कायमचा. टेकडीवरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची सगळी गुरं सरकारने मारून जाळली. तो झोपेच्या गोळ्या न्यायला यायचा आणि काउंटरला टेकून म्हणायचा, "एक बोली होऊन जाऊ दे." मी त्याला त्याचीच गाय विकायचो. तो हसायचा.

पुढच्या उन्हाळ्यात कमिटीने ठरवलं, नाटकात यंदा लिलाव दाखवायचा. मी ताबडतोब हात वर केला. अध्यक्षबाई गोड हसल्या. "तुझ्याइतकं छान कुणीच करणार नाही, डिअर. पण ते आपल्या इतिहासासारखं दिसायला हवं ना?"

काम मिळालं चार महिन्यांपूर्वी लंडनहून राहायला आलेल्या एका वकिलाला. त्याने गाय पाहिली असेल तर दुधाच्या बाटलीवर. माझ्या हातात प्रॉम्प्टिंगची वही आली.

प्रयोगात वकीलसाहेब दुसऱ्या गाईलाच अडकले. मी पडद्यामागून वाक्य दिलं. ते नुसते ओठ हलवत राहिले. मग मी वही मिटली आणि सुटलो! चौदा गाई विकल्या, ठोक्यांसकट. हिरवळ टाळ्यांनी दणाणली. वकिलाने तीनदा कमरेत वाकून त्या स्वीकारल्या.

म्हातारा पडद्यामागे आला, डोळे ओले. माझा हात धरून म्हणाला, "डोळे मिटून ऐकलं रे. डोळे मिटले की तू अगदी आमच्यातला वाटतोस."

मी थँक यू म्हणालो. शेवटच्या गाण्याला सगळ्यांनी आपापल्या वेशात उभं राहायचं होतं. मी पगडी चढवली.