थोरलीची गौर

हौसाकाकीला कोणाचं चांगलं झालेलं बघवत नाय, असं गावात बोलतात. खोटं आहे. जगाचं बघवतं, फक्त धाकट्या जावेचं, गिरजाबाईचं, बघवत नाय.

दोघी एकाच अंगणात, चुली दोन. ओल्या लाकडांच्या धुरानं गिरजाबाईची फुप्फुसं गेली. हौसाकाकीचं हृदय थकलं, तर गेल्या वर्षी छातीत पेसमेकर बसवला. रोग वेगळे, गत एकच. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतं, बसलं की मांड्या वाळतात, आणि मांड्या वाळल्या की उठवत नाय.

पेणला रामवाडीत एका संस्थेच्या दवाखान्यात त्यावरचं मशीन कपाटात धूळ खात पडलं होतं. मी गावची आरोग्यसेविका. ते आमच्या गावाला द्या म्हणून दोनदा नीट सांगितलं, तिसऱ्यांदा दारात ठाण मांडून बसले. निघालं बाहेर. मोबाइलएवढा डबा, वायरी, टोकाला चिकट पट्ट्या. पट्ट्या मांडीवर लावल्या की हलका करंट जातो. मांडी आपोआप आवळते, सुटते. माणूस बसल्या जागी, मांडीला मात्र मेहनत.

उन्हाळाभर हा करंट घेऊन गिरजाबाई विहिरीपर्यंत चालायला लागली. हौसाकाकी ओटीवरून बघायची.

"नूतन, मला का नाय गो तो डबा?"

"काकी, तुझ्या छातीत आधीच एक मशीन हाय. ह्याच्या करंटनं ते गडबडलं तर?"

"म्हणजे तिनं राणीसारखं बसून करंट खायचा, आणि मी खुर्चीवर उठबशा काढायच्या?"

तिला तोच व्यायाम दिला होता. ती खुर्चीवर मिरच्या वाळवायची.

खरी आग गौरीची होती. त्यांच्या घरात पाणवठ्यावरून तेरड्याची गौर थोरल्या सुनेनंच आणायची. तोंडात पाण्याची चूळ धरायची, घरात पाऊल पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाय, गौर खाली टेकवायची नाय. लग्न झाल्यापासून हौसाकाकीनं हा मान सोडला नव्हता. आता बायका खुशाल बोलायला लागल्या होत्या, यंदा धाकटी आणील.

रोह्याला आमचं शिबिर होतं. मशीननं काय होतं ते लोकांना दाखवायला मी गिरजाबाईला नेलं. बघते तर रांगेत हौसाकाकी! घरी सांगून आलेली, माहेरी चालले. पदर गळ्यापर्यंत लपेटलेला. फिजिओथेरपिस्ट मृणाली नवीन, ती कोणालाच ओळखत नव्हती.

"आजी, छातीत काही बसवलंय का?"

"नाय गो बाय. माझं काळीज दगडासारखं हाय."

पट्टी मांडीला टेकणार, तोच मागून गिरजाबाई ओरडली, "खोटं बोलते ती! पेसमेकर हाय तिला!"

मृणालीनं हात मागे घेतला. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत काकीला झाडलं. ती माझ्याकडे बघेचना.

"जळतेस गिरजे माझ्यावर," ती म्हणाली. "माझे पाय चालायला नको तुला."

"मेलीस तर भांडू कोणाशी मी?"

एसटीत दोघी दोन टोकांना बसल्या. दुसऱ्या दिवशी खुर्चीवरच्या मिरच्या जमिनीवर आल्या. ऋत्विक, तिचा नातू, सांगायचा, आजी उठताना 'गिरजी' म्हणते, बसताना 'मेली' म्हणते.

गौरीच्या दिवशी हौसाकाकीनं गौर उचलली. चूळ भरली, निघाली. गाणी म्हणत बायका मागे. अर्ध्या वाटेत पाय लटपटले. ती बांधावरच्या दगडावर बसली, गौर मांडीवर. गाणी थांबली. सगळ्यांचे डोळे गिरजाबाईकडे. मी पुढे झाले, तर काकीनं हातानंच मला मागे सारलं.

गिरजाबाई समोर जाऊन उभी राहिली. "आण इकडे, बाय. तुझं वय झालं."

काकीचे गाल फुगलेले. बोलायची सोय नाय.

"रोह्याला काय मिरवत गेलीस? आता हलवत नाय. पुढल्या साली पण मीच आणीन. आण."

काकीचे डोळे लाल झाले. एक हात गुडघ्यावर दाबून ती उठली. खुर्चीवरून उठायची तश्शीच. एकदा बसली परत. पुन्हा उठली, आणि मग गिरजाबाईला कोपरानं बाजूला ढकलून चालायला लागली. थांबत, धापत, पण चालली. मागून गिरजाबाईनं सगळ्यात मोठ्यानं गाणं उचललं, तिच्या दमाला झेपलं तेवढं.

उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं. गौर पाटावर बसली. हौसाकाकीनं चूळ गिळली आणि पहिला शब्द काढला.

"गिरजे, मशीन तुझ्या तोंडाला लावलेलं काय गो?"