आधी सारिकाचं, मग तुमचं

आप्पांचं भाषण ऐन रंगात आलं होतं आणि चौथीतल्या गणेशनं हात वर केला.

आष्टी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिकवते. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि त्याच्यासोबत निम्मा वर्ग. म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह असतं, म्हणजे आईबाप उसाच्या फडात असेपर्यंत मुलांची राहण्याजेवणाची सोय गावातच. आमच्याकडे खोली होती, गाद्या होत्या. तरी माझ्या वर्गातल्या सारिकाची आई तिला न्यायचंच म्हणत होती. कारण विचारलं की नुसतं "बघू." गेल्या साली पोरगी फडातून परतली ती वाचन पार विसरून. यंदा मी तिला जाऊ देणार नव्हते. पालकसभा त्यासाठीच लावली होती.

वर्गात माझा एक नियम होता. आधीचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत सांगायचं, त्यानं "बरोबर" म्हटलं की मगच स्वतःचं बोलायचं. सुरुवातीला नुसता गोंधळ. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, सिलॅबस कधी संपवणार?"

"सर, पोरं आधी ऐकायला तर शिकू द्या," मी म्हटलं. मीही हट्टाला पेटले होते.

सभेत सारिका उठली, हळू आवाजात चार वाक्यं बोलली आणि बसली. शाळा समितीचे अध्यक्ष असलेले आप्पा लगेच उभे राहिले आणि खोलीच्या रंगरंगोटीवर बोलत सुटले. गणेशचा हात वर झाला तो तेव्हा.

"आप्पा, आदी सारिका काय म्हणली ते सांगा. मग तुमचं."

हेडमास्तर माझ्या कानाशी आले. "मॅडम, बसवा त्याला खाली."

मी बसवलं नाही. भीती वाटत होती, पण नियम माझाच होता.

आप्पांनी घसा खाकरला. "पोरीला राहायला चांगली जागा पायजे. असंच ना?"

"न्हाई," सारिका म्हणाली. "जागा लई चांगली हाय. रातीला पोरींसंगं कुणी बाईमाणूस न्हाई. आई म्हणती, पोरीला कुणाच्या भरोशावर ठिवू?"

मागे बसलेली तिची आई खाली मान घालून म्हणाली, "खरं हाय."

"मग हे आधी काहून सांगितलं न्हाई कुणी?" आप्पा म्हणाले.

"आत्ताच तर सांगितलं की तिनं," गणेश म्हणाला.

आप्पा खाली बसले. भाषण तिथंच संपलं. त्यांच्या भावजय, सगळ्यांच्या काकू, सभेतच होत्या. त्या म्हणाल्या, "मी झोपत जाईन पोरींजवळ." संध्याकाळी त्यांनी अंथरूणही आणून टाकलं.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर गेला. सारिका राहिली. मला रडू आलं, ते मी फळा पुसता पुसता उरकलं.

मुलांना ऐकायला जरूर शिकवा. फक्त मग मोठ्यांनाही ऐकावं लागतं, एवढी तयारी ठेवा. आप्पा हल्ली सभेला आले की आधी गणेश कुठं बसलाय ते बघून घेतात.