तीन चुली, एक सातबारा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पोरीच्या फॉर्मावर तिचा फोटो चिकटवणं. घरात डिंक नव्हता. बायकोनं ताटातली चार शितं घेतली, बोटानं चेंगरली, फोटोच्या मागं लावली. मी वरून दाबून धरलं. "लई दाबू नका, तोंड वाकडं व्हईल पोरीचं," म्हणाली. बुधवार होता.

पोरगी बारावी झाली होती. तिला कॉलेजात संस्कृत घेऊन बीए करायचं होतं. मुळशीत हे ऐकून लोक हसायचे. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "आता पूजेला भटजी नको, घरचीच हाय." हसा म्हटलं. शाळेतल्या एका बाईंनी शाळा सुटल्यावर थांबून तिला शिकवलं होतं. पुण्याच्या कॉलेजातला कारकून आधी मानायलाच तयार नव्हता. बारावीला संस्कृत पाहिजे, वर इतके मार्क पाहिजेत, हेच घोळवत बसला. तिनं मार्कलिस्ट पुढं केली. त्यानं दोनदा वाचली, उलटी करून कोरी बाजू पण बघितली. मार्क पुरले. तेव्हा म्हणाला, "शनिवारपर्यंत फी भरा. नसेल तर फी माफीचा फॉर्म द्या, उत्पन्नाच्या दाखल्यासकट. तेही नसेल तर जागा पुढच्याला."

फी माझ्याच्यानं होणारी नव्हती. मग दाखला. दाखल्यासाठी पौडला तलाठ्याकडं. मी चौथी शिकलेला माणूस, मला वाटलं गरिबी डोळ्यांना दिसते. तलाठी भाऊसाहेबांनी सातबारा उघडला. "जमीन सगळी तुमच्याच नावावर दिसते. एकत्र कुटुंब मॅनेजर. एवढ्या जमिनीवर कसली फी माफी?"

मॅनेजर! वडील गेल्यावर थोरला म्हणून माझं नाव लागलं, एवढंच. आम्ही तिघं भाऊ कधीचे वेगळं करून खात होतो. चुली तीन, सातबारा एक. भाऊसाहेब म्हणाले, "मग भावांचा जबाब आणा सहीनिशी, जमीन तिघं वेगळी कसतो म्हणून. दाखला लगेच देतो." जबाबाचा मजकूर त्यांनीच एका कागदावर लिहून दिला.

ऐकायला सोपं. पण आमच्या घरात जमिनीच्या कागदावर सही करत नाहीत. धरणाच्या वेळी आज्ज्यानं न वाचता कुठंतरी अंगठा उठवला आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली, असं वडील सांगायचे. भावांना मीच लहानपणापासून दम देऊन ठेवला होता, जमिनीचा कागद दिसला की हात मागं घ्यायचा. आता मीच त्यांच्यापुढं कागद धरू?

फोटो चिकटला तशी बायकोनं तोच विषय काढला.

"अवं, भावांना सांगा की."

"न्हाई करायचे ते."

"इचारलंय का?"

"इचारून काय करू? मीच शिकवलंय त्यांना."

"मग तुमीच मोडा. पोरीपरीस तुमची ऐट मोठी हाय का?"

"तुला काय कळतंय कागदातलं?"

ती ताट उचलून मोरीवर गेली. त्यावर मी काही बोललो नाही. सकाळी पण नाही.

गुरुवारी ती लावणीची रोपं उपटायला गेली, मी बैल घेऊन वरच्या खाचरात चिखलणीला. दुपारी भावजया ओरडत आल्या. बायको वाईच टेकते म्हणून बांधावर बसली, ती तिथंच आडवी झाली. पौडच्या डॉक्टरनं पापणी वर करून बघितली आणि मान हलवली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

राग कारकुनावर काढून बघितला, भाऊसाहेबांवर काढला, मॅनेजर लिहिणाऱ्यावर काढला. अजून काढतो. पुरत नाही. नुसतं विचारायचं होतं, दहा पावलांवर भावांची दारं होती.

शुक्रवारी सकाळी भाऊ येऊन ओट्यावर बसले. पोरगी भिंतीला टेकून होती. म्हणाली, "आबा, ऱ्हाऊ द्या आता. पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षापर्यंत तिचं लग्न लागलं असतं. मला ठाऊक होतं, तिलाही. मी आत जाऊन जबाबाचा कागद आणला आणि भावांपुढं ठेवला.

"दादा, आज?" मधला म्हणाला. "सुतक हाय आपल्याला. लोक काय म्हनतील?"

"आजच. उद्या शनिवार हाय."

धाकटा कागदाला हात लावेना. "हे जमिनीचं हाय नव्हं? तूच म्हनायचास..."

"चुकीचं म्हनायचो. आदी वाच, मोठ्यानं वाच. पटलं तर सही कर."

त्यानं बोट ठेवून, अडखळत वाचलं. एका ओळीला थांबला, पुन्हा वाचली. मग त्यानं सही केली, मागोमाग मधल्यानं.

सुतकातला माणूस घराबाहेर पडत नाही. मी नवाची एसटी धरली. गावातली माणसं माझ्यापासून सरकून बसली, मी पौडपर्यंत उभाच गेलो. भाऊसाहेबांच्या टेबलावर कागद ठेवला आणि दाखला हातात पडेपर्यंत तिथून हललो नाही.