मिस्त्रींच्या हातावरची रेघ

रिसोडच्या आमच्या फर्निचरवाल्या मिस्त्रींना कुणी नवी गाडी दाखवली, की ते मायलेज विचारत नाहीत. आधी हात पुसतात, मग म्हणतात, "थांबते कशी, ते सांगा." सगळ्यांच्या कौतुकावर असं पाणी टाकायची त्यांची सवय मला आवडत नसे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेपायी मी लाकूड कोरायची, संगणकाच्या हुकुमावर चालणारी छोटी सीएनसी मशीन जोडली. ती चालवायला दोन सॉफ्टवेअर मिळत होती. एक साधं, मशीनच्या मोटारी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठीच बनवलेलं. दुसरं देखणं, पडद्यावर अख्खी नक्षी फिरवून दाखवणारं. मी देखणं घेतलं आणि लाकूड कापणारा धारदार बिट बसवून द्यायला मिस्त्रींना बोलावलं.

"या बोर्डासंग हे जमते काय? पाह्यलं काय तुमी?"

"चालून राह्यली ना मशीन," मी तोडून बोललो.

त्यांनी बिटाच्या जागी स्केचपेन सैलसर बांधला, मशीन सुरू करायला लावली आणि पेनाच्या वाटेत, थोडा पुढं, आपला हात पालथा टेकवला. "आता थांबवा तिले, सर."

मी पडद्यावरचं लाल बटण दाबलं. पडद्यावरची नक्षी थांबली. पेन मात्र बोर्डात आधीच पोचलेलं काम पुरं करत सरकत राहिला. मी पुन्हा पुन्हा बटण दाबत होतो. पेन त्यांच्या बोटांवर चढला, मनगटापर्यंत गेला आणि मग थांबला.

मिस्त्रींनी हात काढला नाही. त्या निळ्या रेघेकडं पाहत त्यांनी हळूच विचारलं, "आता बिट लावू काय, सर?"