शीतलनं अर्ध्यावर सोडलेल्या ओळी

शीतलचा आजार सगळ्यात आधी मला ऐकू आला.
मी तो कापून टाकला.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

शीतल माझी नांदेडच्या हॉस्टेलमधली रूममेट. मूळची धर्माबादची. नोकरी बिलोलीकडच्या एका शाळेत. नवरा बालाजी लातूरला, कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. दोघांचा संसार रविवारचा.

त्या रविवारांत त्यांनी एक अल्बम केला. ‘कमी सामान’. आठ गाणी. तिचे शब्द, त्याची गिटार, दोघांचे आवाज.
रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग माझं.

स्टुडिओ नव्हताच. दुपारी क्लासची एक खोली मोकळी असायची. फळ्यावर, खिडक्यांवर वाकळा टांगायच्या. आवाज नको म्हणून पंखे बंद. एकच माइक, दोघं समोरासमोर.

दुसऱ्या गाण्यापासून ती खोकायला लागली.

“खडूची धूळ हाय गं,” ती म्हणाली. “ह्याच्या केमिस्ट्रीनं गळा धरलाय माझा.”

“आणि तू शाळेत काय सोन्यानं लिहितीस का?” बालाजी.

आम्ही हसलो. फळा ओल्या फडक्यानं पुसला.
पुढच्या रविवारी पुन्हा पुसला.

नांदेडला परत आले की मी हेडफोन लावून बसायचे. खोकला स्क्रीनवर लगेच दिसतो. आवाजाच्या मऊ रेषेत एक उभा काटा. सिलेक्ट. डिलीट.

दुसऱ्या गाण्यात तीन होते.
सहाव्यात मी मोजायचं सोडलं.

तिला मी एकदाच बोलले. काय बोलले तेही सांगते.

“शीतले, जरा दाबून धर की. तुझं खोकणं काढू काढू डोळे चाललेत माझे.”

“सॉरी गं बाई.”

पुढच्या टेकला ती एकदाही खोकली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण खोकली नाही.

मी म्हणाले, “बघ, जमायलंय की.”

शेवटच्या गाण्यांत ती लांब ओळ अर्ध्यावर सोडायची. बालाजी तिथून उचलायचा.

अल्बम आला तेव्हा लोकांना हेच सगळ्यात जास्त आवडलं. एक ओळ दोघांत! काय ट्यूनिंग! कपल गोल्स!
मीही खाली हार्ट टाकला.

महिन्याभरात ती हॉस्पिटलमध्ये होती. फुफ्फुसाचा कॅन्सर. बराच पुढे गेलेला.

डॉक्टरांनी विचारलं, “खोकला कधीपासून आहे?”

बालाजी म्हणाला, “महिना झाला असंल सर. त्याच्याआधी थोडा व्हायचा, खडूचा.”

त्याला फक्त रविवारचा ठाऊक होता. मी सगळे रविवार एकापाठोपाठ ऐकले होते. माझ्या लॅपटॉपमध्ये आठ महिन्यांचे न कापलेले, रॉ टेक्स होते, तारखेसकट.

मी मागं उभी होते.
काही बोलले नाही.

तेव्हा बोलून काही बदललं असतं का, माहीत नाही. चौथ्या गाण्याला बोलले असते तर कदाचित.

वर्षभर गप्प राहिले. लोक अजूनही त्या ओळींबद्दल लिहितात. बालाजीला टॅग करतात. तो प्रत्येकाला थँक्यू म्हणतो.

काल त्याला फोन केला. सगळं सांगितलं. दम पुरत नव्हता म्हणून ती ओळ सोडायची, हेही.

मला वाटलं, शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटलं.

तो म्हणाला, “आधी ती मला लांब ओळ देतच नव्हती. म्हणायची, तू गप गिटार वाजव. मग एकदम द्यायला लागली. मी क्लास सुटल्यावर रोज रियाज करायलो होतो गं.”

मग म्हणाला,
“मला वाटलं, माझा आवाज सुधरला.”

शीतल, तुला शेवटचा नमस्कार.