बिनमास्तरचं स्टेशन

अमेरिकेत बेसमेंटमध्ये काय साठत जाईल याचा नेम नसतो. जुन्या सूटकेस, चार दिवस वापरलेली ट्रेडमिल, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेले खोके. किश्श्यांचंही तसंच होतं. ट्रॉयला विद्याच्या बेसमेंटमध्ये आम्ही चार-पाच वर्षं दर शनिवारी जमायचो. आता आठवायला बसलं की कुठलाही खोका उघडा, आतून बोरकर काका निघतात.

काका म्हणजे विद्याचे वडील. छत्तीस वर्षं रेल्वेत, त्यातली बरीचशी विदर्भातल्या आडगावांच्या स्टेशनांवर मास्तर म्हणून. रिटायर झाल्यावर लेकीकडे आले. शेजारी मोरी-सान राहायचे, मोटारींच्या कंपनीतून निवृत्त झालेले जपानी इंजिनियर. आपल्या गावच्या स्टेशनचं मॉडेल ते एका मोठ्या टेबलावर बांधत होते. त्यांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं म्हणून टेबल विद्याकडे आलं आणि टेबलामागोमाग तेही आले. मी विद्याच्या ऑफिसातला. वायरिंगपुरता बोलावलेला, तो तिथेच चिकटलो.

*

स्टेशन म्हणजे एक फलाट, एक लाकडी खोली आणि मागे डोंगर. जंगलातलं लाकूड वाहून न्यायला ते बांधलं होतं. पुढे लाकूड ट्रकनं जायला लागलं, गावातली शाळा बंद पडली, आणि एक दिवस रेल्वेनं स्टेशनातला माणूसच काढून घेतला. तो शेवटचा माणूस म्हणजे मोरी-सानांचे वडील. तेव्हापासून गाडी येते, थांबते, जाते. उतरणाऱ्यानं तिकीट खांबावरच्या डबीत टाकायचं.

"तपासतं कोण?" काकांनी विचारलं.

"नोबडी."

"आणि तरी लोक टाकतात?"

"येस."

काकांनी वाकून टेबलावरचा खांब पाहिला. मग मला म्हणाले, "अनिकेत, ह्यांना विचार, डबी चोरीला जात नाही का?"

*

पुढच्या स्टेशननं 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय, म्हणजे रस्ता मोकळा असल्याचं फोनवर कळवल्याशिवाय, गाडी सोडणं हा काकांच्या लेखी गुन्हा. आमच्या टेबलावर पुढचं स्टेशनच नव्हतं. मग वरचं किचन पुढचं स्टेशन ठरलं आणि विद्या तिथली मास्तर. काका खालून इंटरकॉमवर लाइन क्लिअर मागायचे, ती पोळ्या लाटता लाटता द्यायची.

एकदा ती म्हणाली, "बाबा, मी क्लायंटच्या कॉलवर आहे," आणि फोन ठेवून दिला. गाडी चाळीस मिनिटं सिग्नलला उभी. मोरी-सानांना ते सहन होईना. त्यांनी कोट चढवला, वर गेले आणि विद्यासमोर कमरेत वाकून गाडी लेट झाल्याबद्दल माफी मागून आले. कॉल म्यूट करायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. सोमवारी क्लायंटनं विचारलं, "इज युअर ट्रेन ओके?"

*

त्या स्टेशनातल्या बाकावर एक वही ठेवलेली असते, असं मोरी-सानांनी सांगितलं. येणारा-जाणारा तीत चार ओळी लिहितो. काकांना वही बरोब्बर कळली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वही आणून टेबलाशी टांगली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'तक्रार वही'.

गणपतीला आलेल्या पाहुण्यांनी ती भरून काढली. 'चहा थंड होता.' 'फलाटावर पंखा नाही.' काकांनी प्रत्येक तक्रारीखाली लाल शाईनं उत्तर दिलं, 'चौकशी सुरू आहे.' मोरी-सानांनीही एक ओळ जपानीत लिहिली होती. ती कोणालाच वाचता येईना. काकांनी तिच्याखालीही चौकशी सुरू केली.

*

खरं भांडण मास्तरवरून होतं. काकांनी दुकानातून बोटाच्या पेराएवढा एक पुतळा आणला, पांढरा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, आणि फलाटावर उभा केला. मोरी-सानांनी तो अलगद उचलून काडेपेटीत ठेवला. पुढच्या शनिवारी पुतळा परत फलाटावर, संध्याकाळी परत काडेपेटीत. दोघंही काही बोलत नव्हते. असं दोन वर्षं चाललं.

शेवटी काकाच बोलले. "मोरीसाहेब, गाडीकडे बघायला कोणीतरी पाहिजे. न थांबणारी गाडी असली तरी मास्तरनं बाहेर येऊन उभं राहायचं, शेवटचा डबा जाईपर्यंत बसायचं नाही. हा काय फक्त नोकरीचा नियम आहे का?"

ते मी इंग्रजीत सांगितलं. मोरी-सानांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "माझ्या वडिलांना घरी पाठवलं," ते म्हणाले. "फलाट रिकामा होता. मी रोज गाडीनं शाळेला जाताना बघायचो. मला जसं होतं तसं हवंय."

मला काकांचा रागच आला. पण काका गप्प बसणाऱ्यातले नव्हते. "मग वडिलांनी पुढे काय केलं?"

"टोमॅटो," मोरी-सान म्हणाले. गावातलं त्यांचं घर स्टेशनच्या कुंपणाला लागून होतं, मागे भाजीचा वाफा. टेबलावर तो वाफाही होता, तारेवर चढवलेल्या टोमॅटोसकट.

त्यानंतर काकांनी पुतळा बाहेर काढला नाही.

*

दोन हजार आठच्या मार्चमध्ये गावाहून पत्र आलं. लाइन बंद होणार होती. मोरी-सान जायला तयार नव्हते, तिथे आता आपलं कोणी नाही म्हणाले. पण शेवटच्या सकाळची गाडी त्यांना इथे, त्याच वेळेला चालवायची होती. तिथे शनिवारी सकाळी सहा-चाळीस, म्हणजे ट्रॉयला शुक्रवारी संध्याकाळी पाच-चाळीस. विद्या आणि मी ऑफिसातून लवकर निघालो.

मोरी-सान कोट घालून आले होते. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. पुतळा तोच होता, पण युनिफॉर्मवर तपकिरी रंग देऊन त्याचा स्वेटर केला होता, टोपी खरवडून टाकली होती आणि एक हात वाकवून सलामासारखा कपाळाला लावला होता. त्यांनी तो फलाटावर ठेवला नाही. कुंपणापलीकडे, टोमॅटोच्या वाफ्यात, रुळांकडे तोंड करून उभा केला.

"एव्हरी मॉर्निंग," ते म्हणाले. "आय वॉज अशेम्ड. ऑल द चिल्ड्रन इन द ट्रेन वेअर लुकिंग."

काका उठले, आपल्या स्वेटरचं वरचं बटण लावलं आणि इंटरकॉम उचलला. विद्या आमच्यातच उभी होती, वर किचनमध्ये कोणी नव्हतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिना चढून गेलो.

"लाइन क्लिअर आहे का?"

मी कोरड्या सिंककडे बघत "आहे" म्हणालो.

खाली आलो तेव्हा गाडी डोंगरातल्या बोगद्यात शिरून गेली होती. गाडीला डबा मुळी एकच. तरी काका आणि मोरी-सान शेजारी शेजारी, कपाळाला हात लावून उभेच होते.

"बाबा, बसा ना आता," विद्या म्हणाली.

"थांब," काका म्हणाले. "शेवटचा डबा जाऊ दे."

ते त्यांनी मराठीत म्हटलं होतं. मोरी-सान म्हणाले, "येस."